जेवणाच्या सुट्टीतलं काम

मोना गेल्याचं मला फौंड्रीत कळलं. सकाळचे अकरा वाजून गेले होते. माझा फोन खिशात वाजत होता, पण ग्राइंडर चालू असल्यामुळे मला ऐकू आला नाही. मग सयाजीच्या फोनवर फोन आला. सयाजी माझ्याबरोबर बावीस वर्षं काम करतो. त्यानं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि माझ्याकडं यायच्या आधी आपला ग्राइंडर बंद केला. शेजारच्यालाही बंद करायला लावला. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

"शामूमामा," तो म्हणाला, "दवाखान्यातनं हाय."

माझं नाव शमुवेल. फौंड्रीत सगळे शामूमामा म्हणतात. मोना माझी बायको. राजारामपुरीत डोळ्यांचा एक लहान दवाखाना आहे, तिथं ती अठरा वर्षं आया होती. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, वाफेच्या यंत्रात ठेवायची, वेळ भरली की काढून द्यायची. त्या दिवशी हत्यारांचा ट्रे घेऊन जिना चढताना ती खाली बसली, आणि बसली ती उठली नाही. मेंदूतली शीर फुटली होती. डॉक्टरांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "मामा, आम्ही सगळं केलं." मी म्हटलं, "बरं." वय एक्कावन्न होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. चर्चचे पाळकसाहेब बोलले, मंडळीनं गीतं म्हटली, सयाजी आणि फौंड्रीतले लोक कबरस्तानात मागं उभे राहिले. आमची मुलगी अनुजा पुण्याहून आली होती. ती आठ दिवस राहिली. जाताना म्हणाली, "पप्पा, माझ्याकडं चला." मी म्हटलं, "तिथं मी काय करू?" ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. घरात बसून होत नव्हतं.

माझं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडं उसाच्या ट्रॉलीच्या चाकांचे हब ओततात. बिडाचे असतात. चाक ज्यावर बसतं आणि फिरतं तो हा भाग. ओतून, घासून झालेला हब मी साखळीच्या हुकाला टांगतो आणि छोट्या हातोडीनं एक ठोका मारतो. चांगला हब वाजतो, आवाज बराच वेळ राहतो. आत चीर असली तर आवाज लगेच मरतो. चांगल्यावर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका टाकतो. वाईट बाजूला काढतो, तो परत वितळतो. शंभरात तीन-चार निघतातच. यंत्र वगैरे काही नाही, नुसता कान.

ग्राइंडर चालू असताना हे काम होत नाही. म्हणून बावीस वर्षं मी ते जेवणाच्या सुट्टीत करत आलो. साडेबाराला मशिनी थांबतात, सगळे डबे उघडतात, तेव्हा मी हातोडी घेतो. एक वाजता मशिनी चालू झाल्या की मी मागच्या शेडमध्ये एकटा जेवतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मोनाला सवयीनं ठाऊक होतं, ती डब्यात उशिरा खाल्लं तरी चांगलं राहील असं काहीतरी द्यायची.

ती गेल्यावर डबा बंद झाला. पहिल्याच दिवशी साडेबाराला सयाजी माझा हात धरून म्हणाला, "मामा, आजपास्नं आमच्यासंगं बसायचं. बायकोनं भाकरी जादा दिलीया."

"हबांचं काम हाय सयाजी."

"जेवून करा की. हब कुठं पळून जात न्हाईत."

मी बसलो. खरं सांगायचं तर मला एकट्यानं बसवत नव्हतं. चार माणसं बोलत होती, एकमेकांच्या डब्यात हात घालत होती, कुणाच्या आमटीला नावं ठेवत होती. बरं वाटलं. जेवून उठलो तेव्हा एक वाजला होता. ग्राइंडर चालू झाले. मी हब टांगले, ठोके मारले, ठिपके टाकले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तीन आठवडे तसंच चाललं.

फौंड्रीचे मालक विश्वजित. वयानं माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण साहेबच म्हणतो आम्ही. एक दिवस रजिस्टर बघून ते खूष झाले. "मामा, तीन आठवड्यांत एकबी हब रिजेक्ट न्हाई. माल सुधारला की हो आपला!" आणि सगळ्यांना चहा सांगितला. मीही प्यालो.

त्या शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला लाईट गेली. एकदम सगळं शांत झालं. माझ्या हातात हातोडी होती आणि हुकाला हब होता. मी ठोका मारला. बद्द. मला वाटलं नीट बसला नाही. परत मारला. बद्द. पुढचा टांगला, तो चांगला वाजला. त्याचा आवाज थांबेपर्यंत मी ऐकत उभा राहिलो, आणि लक्षात आलं की हा आवाज मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा ऐकतोय.

माल सुधारला नव्हता. मी ऐकतच नव्हतो. हात ठोका मारत होता आणि हात ठिपका टाकत होता.

रजिस्टर काढलं. मी परत आल्यापासून शंभर हब. शंभरावर माझा ठिपका. त्यातले साठ अजून गोडाऊनमध्ये होते. चाळीस पहिल्याच आठवड्यात शशिधरकडं गेले होते. शशिधर कागलच्या पुढं ट्रॉल्या बनवतो. उसाचा हंगाम चालू होता, त्याच्या ट्रॉल्या हबांसाठीच अडल्या होत्या, म्हणजे त्या आता रस्त्यावर असणार.

मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. लाईट आली, मी रजिस्टर मिटून ठेवलं आणि घरी गेलो. वाटेत मनाला समजावत होतो की शंभरात तीन, म्हणजे चाळिसात एखादा. आणि चीर असलेला प्रत्येक हब फुटतोच असं नाही. कुणी मला विचारणार नाही. फुटला तरी लोक म्हणतील ट्रॉलीत ऊस जादा भरला होता. तसं तर सगळेच भरतात.

रविवारी उपासनेला गेलो. मोनाची जागा रिकामी होती, तिथं कुणी बसलं नव्हतं. पाळकसाहेब कशावर बोलले ते मला आठवत नाही. मला दवाखान्यातली एक जुनी गोष्ट आठवत होती. एकदा हत्यारं वाफेत असताना मधेच लाईट जाऊन आली. वेळ भरल्याची घंटा वाजली, पण मोनाच्या हिशेबानं वाफ पूर्ण मिळाली नव्हती. आत पेशंट टेबलावर. डॉक्टर हत्यारं मागत होते. हिनं दिली नाहीत. परत लावली, वीस मिनिटं. डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले तिला. संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी तिलाच म्हटलं, "द्यायची हुतीस की. कुणाला दिसलं असतं?"

"मला दिसलं की," ती म्हणाली. मग कांदा चिरता चिरता म्हणाली, "डॉक्टरला वाटतंय मी त्याचं काम करती. करू दे त्याला वाटून. मी प्रभूचं करती. त्याला काय अर्धी वाफ देऊ?"

ती असं फार बोलायची नाही. वचनं पाठ होती तिला, पण कुणाच्या तोंडावर मारायची नाही. मी त्या वेळी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तो सरळ ऑफिसात.

"साहेब, शंभर हबांवर माझा ठिपका हाय. त्यातला एकबी मी ऐकलेला न्हाई."

विश्वजित मोबाईलमध्ये बघत होते. "ऐकलेला न्हाई म्हंजे? ठोका मारला का न्हाई?"

"मारला."

"मग झालं की."

"ग्राइंडर चालू हुते. मी जेवायला बसत हुतो सगळ्यांसंगं."

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुमच्यावर मोठा प्रसंग आलाय. आठवडाभर घरी ऱ्हावा. डोक्यात काय काय येतंय माणसाच्या."

"डोकं ठीक हाय. कान जाग्यावर न्हवता."

"आणि मी शशिधरला काय सांगू? आमचं मामा जेवायला बसलं म्हणून माल परत द्या?"

"व्हय. तसंच सांगा."

"अवो, हंगाम हाय! त्यो पुढच्या वर्षी आपल्या दारात यील का? हितं पंधरा माणसं कामाला हायत मामा, तुमच्यासकट."

ते खोटं बोलत नव्हते. पंधरा घरं त्या फौंड्रीवर चालतात. मी म्हटलं, "साहेब, भरल्या ट्रॉलीचं चाक निखळलं तर ट्रॉली कुणाकडं बघून पडत न्हाई. मागनं मोटरसायकलवाली असत्यात, शाळेची पोरं असत्यात. तुम्ही न्हाई सांगितलं तर मी सांगणार. उद्यापास्नं कामावर यिऊ नका म्हटलं तरी सांगणार."

इतकी वर्षं मी कधी त्यांना असं बोललो नव्हतो. त्यांचा चेहरा लाल झाला. मग ते उठले आणि म्हणाले, "आधी हितलं साठ बघू. एकबी वाईट निघाला न्हाई तर हा विषय बंद. चालंल?"

"चालंल."

सगळ्या मशिनी थांबवल्या. लोक कडेला उभे राहिले. सयाजी एकेक हब उचलून हुकाला लावत होता. पहिले अकरा चांगले. बारावा बद्द. कुणीतरी "आयला" म्हणालं. विश्वजितनी माझ्या हातातली हातोडी घेतली आणि स्वतः ठोका मारला. त्यांनाही ऐकू आलं. साठात तीन निघाले. तिसरा निघाला तेव्हा त्यांनी फोन काढला आणि शशिधरला लावला. फोन कानापासून लांब धरून त्यांनी ऐकून घेतलं. शशिधर काय बोलत होता ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

फोन ठेवून विश्वजित माझ्याकडं बघत म्हणाले, "टेम्पो घ्या. चांगलं हब भरा. सयाजी, तू जा मामांसंगं. आणि मामा, एकदाच सांगतो, राग आलाय मला तुमचा."

"येऊ दे साहेब," मी म्हटलं. "बरोबर हाय तुमचं."

टेम्पोत बसल्यावर सयाजीनं मागं वळून भरलेले हब बघितले. मग म्हणाला, "मामा, चूक माझी. मीच हात धरून बसीवलं तुम्हाला."

"तू भाकरी दिलीस. भाकरी देणं ही काय चूक हाय व्हय? उठायचं माझं काम हुतं."

शशिधरच्या शेडमध्ये बारा हब अजून पडून होते. तो दारातच उभा होता. "या, पावणं, या! माझ्या ट्रॉल्या खोलून बघायला आलाय व्हय? हंगामात?" त्यानं मला दहा मिनिटं ऐकवलं, थोडं मराठीत, थोडं कानडीत. मी ऐकून घेतलं. मग त्याची मशीन बंद करायला सांगितली. बारात एक वाईट निघाला. तो हातात घेऊन शशिधरनं उलटसुलट केला. बोल्टच्या भोकापासून केसाएवढी रेघ गेली होती. उन्हात धरल्यावर दिसली.

"हा माझ्या ट्रॉलीला बसला असता," तो म्हणाला.

"व्हय."

त्यानं फोनमधून सात नावं काढून दिली. अठ्ठावीस हब सात ट्रॉल्यांना लागले होते, एकेका ट्रॉलीला चार.

पुढचे नऊ दिवस आम्ही ट्रॉल्या शोधत होतो. बसवलेल्या हबचा आवाज येत नाही, चाक उतरवून हब मोकळा करावा लागतो. भरलेल्या ट्रॉलीचं चाक उतरवता येत नाही. म्हणजे ट्रॉली रिकामी व्हायची वाट बघायची. बिद्रीला कारखान्याच्या बाहेर ट्रॉल्यांची मोठी रांग असते. तिथं आम्ही दोन दिवस बसलो. ड्रायव्हर लोक आम्हाला आधी पोलिसांचे समजले, मग वेडे समजले. एकानं विचारलं, "मामा, चाकाची नाडी बघायचा क्लास काढलाय व्हय?" पण ट्रॉली रिकामी झाली की जॅक लावायला तोच पुढं आला. तिथं दोन ट्रॉल्या तपासल्या, आठही हब चांगले निघाले. मला आनंद झाला आणि जरा लाजही वाटली, उगीच त्यांचा वेळ घेतला म्हणून. सयाजी म्हणाला, "चांगलं निघालं ह्येबी कळायला पायजे की."

तिसरी ट्रॉली मुरगूडच्या पुढं एका वस्तीवर होती. मालकीण तानाबाई. साठीच्या पुढच्या, ट्रॅक्टर त्यांच्याच नावावर. आम्ही जॅक काढला तशा त्या काठी टेकत आल्या.

"कोण रं तुम्ही? नव्या ट्रॉलीचं चाक काढायलाय? पूजेचं हळद-कुंकूबी अजून पुसलं न्हाई!"

मी सांगितलं कोण ते.

"म्हंजे आधी तपासलं न्हवतं?"

"न्हवतं."

त्यांनी वाकून हबकडं बघितलं. "मग ह्यो ठिपका कसला?"

"त्यो खोटा हाय, मावशी. मीच टाकलाय."

त्यांनी काठीचं टोक ठिपक्यावर टेकवलं. "असं सांगत कोण फिरतंय? देवाला भिऊन आलाय व्हय?"

"आम्ही ख्रिस्ती हाय मावशी. काम त्याचंच म्हणून करायचं असतंय. ह्या खेपेला माझ्याकडनं झालं न्हाई."

"ख्रिस्ती काय आणि कोण काय, चाक नीट फिरलं पायजे. खोला."

चौथा हब बद्द वाजला. मी शेजारी चांगला हब ठेवून दोन्ही वाजवून दाखवले. तानाबाईंनी हातोडी मागितली आणि स्वतः दोन्हीवर मारून बघितलं. त्या घरात गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप देताना म्हणाल्या, "माझा नातू बसतोय ह्या ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर. सांगून ऐकत न्हाई." आम्ही दुसरा हब बसवून निघालो.

पुढच्या दोन ट्रॉल्यांत एक वाईट निघाला. पाच ट्रॉल्या झाल्या. त्या दिवसांत फौंड्रीत माझं काम कोण करत होतं तेही सांगतो. विश्वजित स्वतः. जेवणाच्या सुट्टीत ते हातोडी घेऊन उभे राहायचे आणि शंका आली की तो हब माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. मी परत आलो तेव्हा नऊ हब बाजूला होते. आठ चांगले होते, एक वाईट. "माझा कान कच्चा हाय मामा," ते म्हणाले. मी म्हटलं, "कच्चा न्हाई साहेब, भित्रा हाय. त्यो चांगला." ते हसले. राग गेला असं मी म्हणत नाही, पण हसले.

अनुजाचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी स्वतःला त्रास करून घेतोय. म्हणाली, "पप्पा, मम्मी गेल्यावर कुणाचंही लक्ष उडालं असतं. देव समजून घेईल."

"त्यानं घेतलं असंल समजून," मी म्हटलं. "पण ट्रॉलीला समजत न्हाई बाळा."

तिकडून ती रडली आणि मग हसली. मोना गेल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी आता परत साडेबाराला हातोडी घेतो. एक वाजता जेवायला बसतो तेव्हा सयाजी डबा घेऊन येतो, तोही थांबलेला असतो. मी त्याला म्हटलं, उपाशी कशाला ऱ्हातोस. तो म्हणतो, "गप जेवा." त्याच्या बायकोची आमटी तिखट असते, आणि मी आता भाकरी थापायला शिकतोय. पहिल्या तीन तव्यालाच चिकटल्या.

प्रार्थनेत मला अजून मोनाबद्दल काही बोलता येत नाही. तिथं गेलो की अडतो. म्हणून मी राहिलेल्या दोन ट्रॉल्यांबद्दल बोलतो. त्यांना नंबरप्लेट नाही, म्हणून रंग सांगतो. एक निळी, एक तांबडी. त्या भरलेल्या असतील तेव्हा उतारावर हळू जाऊ देत, एवढंच मागतो. मग उठून कामाला जातो.

निळी ट्रॉली मालकानं एका मुकादमाला विकली, ती चिकोडीकडं आहे असं कळलंय. पुढच्या रविवारी उपासना झाली की मी आणि सयाजी तिकडं जाणार आहोत. तांबडीच्या मालकाचा फोन बंद लागतो, आणि त्यानं शशिधरला दिलेल्या पत्त्यावर तो राहत नाही. आठ हब अजून तपासायचे राहिले आहेत.